एमसीबी पडते म्हणून ‘वरच्या नंबरची’ बसवायची?

पावसाळा लागला की कोल्हापुरातल्या गल्लीगल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला फिरायला लागतो: ‘एमसीबी सारखी पडते? 16 ची काढून 32 ची बसवा. एमसीबी आहे म्हणजे शॉकची भीती नाही, अर्थिंगचा खर्च वाचवा. गाडीचा फ्यूज उडाला तर मोठा घाला.’ तिन्ही सल्ले घातक आहेत. पहिला तर घर जाळणारा. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा बोर्डातला खटका. 16, 32 हा तिचा नंबर, म्हणजे ती किती अँपिअर करंट चालू देते तो आकडा.

‘16 ची काढून 32 ची बसवा’

एमसीबी राखण करते ती भिंतीतल्या वायरची. पाइपातून गेलेली 2.5 चौ. मिमीची तांब्याची वायर साधारण 20 अँपिअर सोसते. 32 ची एमसीबी मानकानुसार 1.13 पट, म्हणजे 36 अँपिअरला तासभर पडताच कामा नये. म्हणजे आत वायरचं प्लास्टिक मऊ होत राहणार आणि एमसीबी निवांत उभी!

आधी ती कधी पडते ते बघा. चढवताक्षणी पडली तर शॉर्ट आहे. त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा आणि पुन्हा चढवा. टिकली तर एकेक उपकरण लावत जा, दोषी सापडेल. सगळं काढूनही पडली तर वायरमनला बोलवा, सारखी चढवत बसू नका. वीस-पंचवीस मिनिटांनी पडत असेल तर लोड जास्त आहे किंवा एमसीबीचा स्क्रू ढिला होऊन ती तापते आहे. 2000 वॉटचा गिझर 8.7 अँपिअर, तेवढीच इंडक्शन शेगडी 8.7 आणि 1000 वॉटची इस्त्री 4.3, बेरीज 21.7. इथे गिझरला वेगळी लाइन काढणं हाच इलाज.

पाण्याची मोटर सुरू होतानाच पडत असेल तर मात्र आकडा तोच ठेवून अक्षर बदला. मोटर सुरू होताना काही क्षण पाच-सहा पट करंट ओढते. ‘बी’ जातीची एमसीबी 3 ते 5 पटीला झटक्यात पडते, ‘सी’ जातीची 5 ते 10 पटीला. बी 10 च्या जागी सी 10 बसवा.

एक गोष्ट मात्र खरी: जुनी एमसीबी कधीकधी खरंच कमजोर होते. पण मग बदलायची ती त्याच नंबरची.

‘एमसीबी आहे, शॉकची भीती नाही’

230 व्होल्टला हात लागला तर अंगातून साधारण 0.1 ते 0.2 अँपिअर जातो. माणूस दगावायला तेवढा पुरे, पण 16 च्या एमसीबीला त्याची खबरही नसते. त्यासाठी 30 मिलीअँपिअरची (म्हणजे 0.03 अँपिअरची) आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा खटका, लागते. फेजने (करंट आणणाऱ्या वायरने) गेलेला करंट न्यूट्रलने (परतीच्या वायरने) तेवढाच परतला नाही, की ती जास्तीत जास्त 0.3 सेकंदात लाइन तोडते. मात्र दोन हातांत फेज आणि न्यूट्रल धरले तर तिलाही काही कळत नाही. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

अर्थिंग का हवं? गिझरच्या टाकीत फेज उतरला तर कुणी हात लावायच्या आधीच करंट जमिनीत जातो आणि आरसीसीबी पडते. नुसत्या एमसीबीवर भागत नाही. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध 5 ओहम धरला तरी 46 अँपिअरच वाहणार, आणि सी 16 झटक्यात पडण्याची खात्री 160 ला. तोवर टाकीला हात लागलाच तर?

2019 आणि 2021 च्या पुरासारखं पाणी बोर्डात शिरलं असेल तर बुडालेली एमसीबी, आरसीसीबी वाळवून वापरू नका. गाळ आतल्या यंत्रणेत बसतो. खटका वरखाली होतो, पण फॉल्ट आल्यावर पडेलच असं नाही. नवीन बसवा.

‘गाडीचा फ्यूज मोठा घाला’

12 व्होल्टचा शॉक लागत नाही, पण शॉर्ट झाल्यावर बॅटरी शेकडो अँपिअर देते. फ्यूजचे रंग ठरलेले असतात: 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 30 हिरवा. लाल उडाला तर लालच घाला. हेडलाइटचे 55 वॉटचे दोन बल्ब साधारण 9 अँपिअर घेतात. 100 वॉटचे बसवले की 17. मूळ वायर तेवढ्यासाठी नसते. जाड वायर, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि बॅटरीच्या अगदी जवळ वेगळा फ्यूज हवा.

आणि घरातली एमसीबी गाडीत किंवा सोलर पॅनेलच्या लाइनला लावू नका. घरचा एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा, करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. बॅटरी किंवा सोलरचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटत राहते. डीसीची एमसीबी वेगळी मिळते. तिच्यावर अधिक-उणेच्या खुणा असतील तर त्याप्रमाणेच जोडा.