दोन्ही काटे एकदम वर: नव्या हार्नेसआधी घ्यायची तीन मापं (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. तुमची गाडी १९७६ची ट्रायम्फ स्पिटफायर १५००, राहायला तुम्ही इंग्लंडात. टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटा जवळपास 'फुल' दाखवतो. इंजिन तापलं की टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडे जातो. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मात्र ठीक आहेत. टाकीतला सेंडर (पातळी किंवा तापमान मोजून गेजला कळवणारा भाग) बदलला, इंजिनावरचा बदलला, पेट्रोलचा गेज बदलला आणि शेवटी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझरही (गेजना स्थिर १० व्होल्ट देणारा डबा) लावला. काटे आहेत तिथेच. मेकॅनिक म्हणतो, पूर्ण वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा अख्खा जुडगा, नवा टाका. आणि माझ्या लेखातला 'आधी अर्थ (प्रवाहाची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट), मग फ्यूज आणि स्विच, सुटे भाग सगळ्यांत शेवटी' हा क्रम तुम्हाला पुस्तकी आणि वेळखाऊ वाटतो, कारण तुमच्या मीटरवर अर्थ शून्य ओहम दाखवतो.

तो क्रम मी बदलणार नाही. कारण तुम्ही दिलेल्या लक्षणांतच त्याचा पुरावा आहे.

दोन वेगळे गेज, दोन वेगळे सेंडर, दोन वेगळ्या वायरी, आणि चूक मात्र एकाच दिशेला. अशा वेळी दोघांना सामाईक काय आहे ते शोधायचं. पेट्रोलच्या सेंडरची वायर हिरवी-काळी, टेंपरेचरची हिरवी-निळी. या दोन्ही एकाच वेळी सारख्याच बिघडणं जवळजवळ अशक्य. सामाईक फक्त स्टॅबिलायझर आणि त्याला जोडलेल्या तीन गोष्टी: त्याच्याकडे येणारी हिरवी वायर, त्याच्यापासून गेजकडे जाणारी फिकट हिरवी वायर आणि त्याचा स्वतःचा अर्थ.

हे गेज चालतात कसे ते बघा. आत बायमेटलची पट्टी असते, तिच्यावर तारेचं वेटोळं. प्रवाह वाहिला की पट्टी तापते, वाकते आणि काटा सरकतो. म्हणूनच काटा हळू चढतो. किल्ली फिरवल्यावर जागेवर यायला अर्धं मिनिट लागलं तर तो दोष नव्हे. पट्टीला मिळणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गेज १० व्होल्टसाठी बनवलेला आहे. त्याला इंजिन चालू असतानाचे १३.८ व्होल्ट थेट मिळाले तर उष्णता सुमारे १.९ पट होते. अर्धी टाकी 'फुल' दिसते ती इथूनच.

जुन्या स्मिथ्स स्टॅबिलायझरमध्येही अशीच तापणारी पट्टी असते. ती तापली की संपर्क सुटतो, निवली की जुळतो, आणि ही उघडझाप चालू राहते. बॅटरी १२ व्होल्टला असेल तर संपर्क साधारण ७० टक्के वेळ जुळलेला असतो, १४ व्होल्टला निम्मा वेळ. गेजला मिळणारी उष्णता दोन्ही वेळा १० व्होल्टइतकीच. पण ती पट्टी तापवणारा प्रवाह डब्याच्या पत्र्यातून अर्थला जातो. अर्थ तुटला की पट्टी तापतच नाही, संपर्क कायम जुळलेला राहतो आणि पूर्ण व्होल्टेज पुढे जातं. दोन्ही काटे वर.

आता तुमचा नवा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर. अशा बहुतेकांच्या आत ७८१० जातीचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. त्याच्या मधल्या पायाला अर्थ मिळाला नाही, तर बाहेर येणारं व्होल्टेज आत जाणाऱ्याच्या जवळपास चढतं. म्हणजे जुना आणि नवा, दोन्ही स्टॅबिलायझर अर्थ नसताना एकसारखंच लक्षण दाखवतात. भाग बदलूनही काही फरक पडला नाही याचा अर्थ 'दोष वायरिंगच्या पोटात आहे' असा होत नाही. जी एक गोष्ट बदलली गेली नाही, तिच्याकडे बोट जातं. ती म्हणजे काळी, अर्थची वायर.

मग शून्य ओहम कसे आले? मीटरची टोकं नेमकी कुठे लावली होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. डॅशमागच्या एखाद्या पत्र्यापासून बॉडीपर्यंत मोजलं असेल, तर मोजला गेला तो पत्र्याचा अर्थ. स्पिटफायरचं गेजचं पॅनेल लाकडी. लाकडातून अर्थ येत नाही. तो येतो डॅशमागे फिरणाऱ्या काळ्या वायरीतून, आणि ती कुठल्या तरी क्लॅम्पच्या नाहीतर नटाखाली दाबलेली असते. गेज काढताना-बसवताना ती बाजूला राहून जाणं फार सोपं आहे. दुसरी शक्यता, नव्या स्टॅबिलायझरचा डबा किंवा त्याची पट्टी रंगवलेली आहे आणि स्क्रू रंगावरच आवळला आहे. इथे एक बारकावा ध्यानात ठेवा. रेग्युलेटरच्या अर्थमधून जेमतेम ५ ते ८ मिलीअँपिअर जातात, त्यामुळे नुसत्या गंजाने इतका फरक पडत नाही. तुमच्याएवढी चूक व्हायला तो अर्थ जवळपास पूर्ण तुटलेला असावा लागतो. म्हणून तो सापडायलाही सोपा आहे.

मापं अशी घ्या. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, गाडीच्या पत्र्यावर नको. बॅटरी बल्कहेडजवळच (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळ) आहे, तेव्हा दोन मीटरची जोडवायर पुरते. किल्ली ऑन. लाल टोक स्टॅबिलायझरच्या बी टर्मिनलवर, म्हणजे हिरव्या वायरीवर: इंजिन बंद असताना १२च्या आसपास हवं. मग आय टर्मिनलवर, फिकट हिरव्यावर: इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर असेल तर ९.६ ते १०.४. मग डब्यावर किंवा ई (अर्थच्या) टर्मिनलवर: जवळपास शून्य. डब्यावर ठळक व्होल्टेज दिसलं आणि आयवर ११च्या वर आकडा आला, की निदान झालं. खात्रीसाठी मगरचिमटे लावलेली वायर डब्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. आयचा आकडा तिथल्या तिथे १०वर उतरेल आणि अर्ध्या मिनिटात दोन्ही काटे खाली येतील. मग कायमची काळी वायर, टोकाला लग (धातूचं कडं) दाबून बसवून, पत्रा घासून चकचकीत केलेल्या जागी, दातेरी वॉशरसह.

जुना स्मिथ्स डबाच असलेल्यांनी आयवर डिजिटल मीटर लावू नये, आकडा नाचत राहतो. तिथे २.२ वॉटचा १२ व्होल्टचा बल्ब लावा. तो लुकलुकला तर स्टॅबिलायझर काम करतो आहे. अखंड पेटून राहिला तर अर्थ नाही किंवा संपर्क चिकटलाय. पेटलाच नाही तर संपर्क जळलाय किंवा बीला करंटच पोचत नाही.

चिमट्याची वायर लावूनही आयवर १२च राहिले तर दोन गोष्टी बघा. बी आणि आय उलटे जोडले गेलेत का? उलट्या ७८१०मधूनही बॅटरीपेक्षा थोडंसंच कमी व्होल्टेज पलीकडे जातं. आणि आधीच्या कुणी हिरवी वायर परस्पर फिकट हिरवीला जोडून ठेवली आहे का? 'काटे बंद पडलेत' या तक्रारीवर हा जुगाड अनेक जुन्या गाड्यांत केलेला सापडतो.

काढलेला गेज फेकू नका. त्याला १० व्होल्टवर तपासा: स्टॅबिलायझरचा आय, मग गेज, मग ६८ ओहमचा एक वॉटचा रेझिस्टर, मग अर्थ. काटा मध्याच्या आसपास थांबायला हवा. २२ ओहमला वरच्या टोकाकडे, २४० ओहमला खालच्या टोकाकडे. सेंडरची वायर थेट अर्थला टेकवून गेज तपासायची सवय सोडाच, आणि सध्या तर अजिबात टेकवू नका. पूर्ण बॅटरी व्होल्टेजवर असं केलं तर आतलं वेटोळं जळू शकतं.

आता हार्नेस. तुमच्या मेकॅनिकचा अनादर करायचा नाही. काही गाड्यांना हार्नेस खरोखरच लागतो. वायरींचं आवरण वाकवल्यावर तडकत असेल, कुठे वितळून दोन वायरी एकमेकींना चिकटल्या असतील, किंवा टोक सोलल्यावर आत इंच-दोन इंच तांबं काळं निघत असेल, तर नवा हार्नेसच टाका, डागडुजी करत बसू नका. पण तुमच्या लक्षणांत यातलं काहीही नाही. बहुतेक दोष वायरीच्या मधोमध नसतात, टोकांना असतात: बुलेट कनेक्टरमध्ये, लगमध्ये, स्विचच्या संपर्कात, फ्यूजच्या चिमट्यांत. नवा हार्नेस तुम्ही त्याच गंजक्या बोल्टवर आवळणार आणि त्याच जुन्या स्विचला जोडणार. वर शंभरेक जोड नव्याने होतील, आणि त्यांतला एखादा ढिला राहिला तर शोध पुन्हा पहिल्यापासून.

'शून्य ओहम म्हणजे चांगला अर्थ' ही समजूत बऱ्याच वाचकांची आहे आणि हेडलाइटच्या बाबतीत ती महागात पडते. ओहम मोजताना मीटर जेमतेम मिलीअँपिअर सोडतो. केबलचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर खूश. ५५ वॉटचे दोन डिप बल्ब मात्र मिळून ९ अँपिअर ओढतात. वाटेत ०.१ ओहमचा अडथळा, जो साध्या मीटरवर दिसतही नाही, तिथेच ०.९ व्होल्ट खातो, आणि तेवढ्याने सुमारे पाव प्रकाश जातो. म्हणून अर्थ नेहमी भार चालू ठेवून, व्होल्टमध्ये मोजावा: दिवे लावून दिव्याच्या काळ्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.२ व्होल्टच्या आत. स्टार्टर फिरत असताना इंजिन ब्लॉकपासून निगेटिव्हपर्यंत ०.५च्या आत. हा दुसरा आकडा मोठा आला तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थ पट्टी आधी बघा. ती तुटली तर स्टार्टरचा प्रवाह चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते.

फ्यूजबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंत की ३५ अँपिअरचे नवे घातले. हे मला गेजपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, पण तो आकडा उडण्याचा. सतत तो १७ अँपिअरच वाहतो. साध्या दुकानात ३५ म्हणून मिळणारे काही फ्यूज सतत ३५ अँपिअर वाहणारे असतात, ते उडायच्या आधी वायर तापते. पाकिटावर '१७ सतत, ३५ उड' असं दोन्ही लिहिलेलेच घ्या. हार्नेस वितळण्याची खरी भीती इथे आहे.

हिरव्या वायरीवर ब्रेकलाइट आणि इंडिकेटरही आहेत. ते धड चालतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे फ्यूज आणि बीपर्यंतचा मार्ग ठीक आहे. वेळेचं म्हणाल तर वरची तीन मापं डॅशमागे हात पोचल्यावर दहा मिनिटांत होतात.

रंगांविषयी इतरांसाठी एक सूचना. हिरवा म्हणजे किल्लीनंतरचा फ्यूजमधला, तपकिरी थेट बॅटरीचा, पांढरा किल्लीनंतरचा पण फ्यूज नसलेला, जांभळा कायम चालू आणि फ्यूजमधला, काळा अर्थ. हे मूळ वायरिंगलाच लागू. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेल्या आपल्याकडच्या अम्बॅसेडरमध्ये वायरिंग कितीतरी वेळा हाती लागेल त्या रंगाने दुरुस्त झालेलं असतं; तिथे रंगावर विसंबू नका, प्रत्येक वायर मोजून ओळखा.

दुरुस्तीनंतर काटे बरोबर जागी येण्याऐवजी थोडे खाली दाखवू लागले तर घाबरू नका. काटा खाली आणण्यासाठी आधी कुणी टाकीतल्या सेंडरच्या फ्लोटची (तरंगत्या गोळ्याची) दांडी वाकवली असेल, तर ती चूक आता उघडी पडेल. टाकी डिकीतच आहे, त्यामुळे सेंडरला हात लावण्याआधी बॅटरी सोडा, पेट्रोल सेंडरच्या पातळीखाली काढा, डिकी आणि दारं उघडी ठेवा, जवळपास कुठलाही पेटता बल्ब नको. गेजच्या पाठीवर जुळणीसाठी दोन छोटी भोकं असतात. आयवर स्थिर १० व्होल्ट आल्याशिवाय तिथे स्क्रू ड्रायव्हर घालू नका. बी, आय आणि डबा, हे तिन्ही आकडे इंजिन बंद असताना आणि १५०० आरपीएमला मोजून इथेच लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.