‘होस्टशी दोस्ती, गोव्यात फुकट वस्ती’: इंदूरभर फिरणाऱ्या एका मजकुराचा हिशेब

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरकडच्या मराठी व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॅसिनोत होस्ट नावाचा माणूस असतो, म्हणजे खेळाडूंची सोय बघणारा आणि सवलती देणारा कर्मचारी; त्याला पटवलं की खोली, जेवण, विमान सगळं फुकट. जेवढे जास्त हराल तेवढं जास्त मिळेल. सुरुवातीचे दोन डाव मोठे लावायचे म्हणजे नजरेत भरता येतं. कॅसिनोची पॅकेजं विकणारा इंदूरचा एजंट ओळखीचा असेल तर डिपॉझिट टाकायचं, बाकी चिंता नाही. आणि जाताना होस्टसाठी सेव-मिठाई न्यायची. होस्ट असतो हे खरं, खोली मिळते हेही खरं. हिशेब मात्र सुरुवातीपासून चुकला आहे.

‘ओळख झाली की खोली मिळते.’ सराफ्यातला सोनार मावसभावाचा मित्र असला तर घडणावळीत थोडं कमी करेल; काटा काही बदलणार नाही. होस्टचंही तसंच. त्याच्या पडद्यावर तुमच्या कार्डापुढे (कॅसिनोचं सभासद कार्ड, ज्यावर तुमचा खेळ नोंदला जातो) एक आकडा असतो. धंद्यातली माणसं त्याला ‘थिओ’ म्हणतात. तुम्ही जेवढं खेळलात त्यावर कॅसिनोला सरासरीने किती सुटायला हवं, तो हा आकडा. सरासरी डाव (दर फेरीला लावलेली रक्कम), तासाला होणाऱ्या फेऱ्या, एकूण तास आणि खेळातली घराची, म्हणजे कॅसिनोच्या वाट्याची, टक्केवारी यांचा गुणाकार केला की तो निघतो. रूलेट म्हणजे आकड्यांचं फिरतं चाक; एका शून्याच्या रूलेटवर ही टक्केवारी 2.70 आहे, दोन शून्यांच्या रूलेटवर 5.26. बॅकरा या पत्त्यांच्या खेळात बँकरवर पैसे लावले तर 1.06, प्लेयरवर 1.24 आणि ‘टाय’वर 14 च्याही पुढे.

समजा, दर फेरीला 1,000 रुपये लावून तुम्ही पाच तास रूलेट खेळलात. भरलेल्या टेबलावर तासाला साधारण 35 फेऱ्या होतात, म्हणजे उलाढाल झाली 1,75,000 रुपयांची. एका शून्याच्या चाकावर थिओ 4,725 रुपये, दोन शून्यांच्या चाकावर 9,205. यातला साधारण 20 ते 40 टक्के भाग कॅसिनो खोली-जेवणाच्या रूपात परत करतात. 30 टक्के धरले तर पहिल्या चाकावर हातात येतात 1,400 च्या आसपास, दुसऱ्यावर 2,760. दुसरा आकडा मोठा दिसतो, पण तो मिळवायला सरासरीने साडेचार हजार रुपये जास्त घालवावे लागतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो हा.

यात करसुद्धा धरलेला नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवर 40 टक्के जीएसटी आहे, आणि तो चिप्स (पैशांऐवजी खेळायच्या चकत्या) विकत घेतानाच्या रकमेवर लागतो. 50,000 रुपये भरले आणि कर त्यातच धरला, तर 14,286 रुपये करात गेले. हा बोजा गिऱ्हाइकावर टाकला आहे की कॅसिनो स्वतः सोसतो आहे, हे चिप्स घेण्याआधी काउंटरवर विचारा. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आणि वर सेस पडतो, आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. मजकुरात कराबद्दल चकार शब्द नाही.

‘जास्त हरलात तर जास्त मिळतं.’ मोठा फटका बसलेल्या माणसाला होस्ट कधीमधी एखादं जेवण वाढवून देतो, कारण तो परत यावा असं त्याला वाटतं. पण मूळ हिशेब थिओचा. दहा मिनिटांत पन्नास हजार घालवणाऱ्यापेक्षा रोज चार तास शांतपणे खेळून थोडं जिंकलेला माणूस त्या पडद्यावर वजनदार दिसू शकतो.

इथेच बहुतेकांचं रेटिंग, म्हणजे त्या पडद्यावरची किंमत, बिघडतं. पुष्कळ ठिकाणी एकूण थिओला खेळलेल्या दिवसांनी भागतात. पहिल्या दिवशी पाच तास खेळून 9,000 चा थिओ झाला, आणि दुसऱ्या दिवशी निघता निघता कार्ड देऊन वीस मिनिटं खेळलात, 600 चा झाला. सरासरी आली 4,800 वर. त्या वीस मिनिटांनी तुमची किंमत जवळपास अर्धी केली. निघायच्या दिवशी खेळायचंच नाही, हा साधा नियम. दुसरी चूक म्हणजे टेबल बदलल्यावर नव्या सुपरवायझरला कार्ड न देणं. तो वेळ नोंदवलाच जात नाही. नवरा-बायको किंवा चार मित्र गेले तर प्रत्येकाचं खातं वेगळं. ते एकत्र धरायचं असेल तर आधी विचारावं लागतं. आणि गर्दीचं टेबल बरं. नोंदीत तासाला ठरावीक फेऱ्या धरलेल्या असतात, प्रत्यक्षात त्याहून कमी होतात. फरक तुमच्या खिशात राहतो. मशीनवर ही सवलत नाही, कारण तिथे कार्ड प्रत्येक डाव रुपयापर्यंत मोजतं.

‘आधी मोठा डाव लावा, मग कमी करा.’ ही युक्ती सुपरवायझरांना चांगली ठाऊक असते. सरासरी पुन्हा पुन्हा तपासली जाते, वर कॅमेरे असतात, आणि दोनच डावांत पाच-पाच हजार गेले तर ते सेवच्या पाकिटासारखे परत मागता येत नाहीत.

आता एजंट. मजकुरातला सगळ्यात महागडा सल्ला हाच. ‘दोन लाख डिपॉझिट टाका, विमान-हॉटेल फुकट’ असं पॅकेज असतं तेव्हा डिपॉझिटच्या बदल्यात रोख न होणाऱ्या चिप्स मिळतात. त्या दोन जातींच्या असतात, आणि जात न विचारता पैसे देणं म्हणजे डोळे मिटून विहिरीत उतरणं.

पहिली जात रोलिंगची. डाव जिंकला तर जिंकलेली रक्कम रोख होणाऱ्या चिप्समध्ये मिळते आणि मूळ चिप तुमच्याकडेच राहते. ती हरल्यावरच जाते. एका शून्याच्या रूलेटवर लाल-काळ्यावर (लाल किंवा काळा रंग येईल यावर) खेळून दोन लाखांच्या चिप्स संपवल्या, तर सरासरीने सुमारे 1,89,500 परत येतात. म्हणजे त्या ‘फुकट’ विमानाची किंमत झाली साडेदहा हजार. दोन शून्यांच्या चाकावर हीच किंमत 20,000 होते. ‘तीनदा रोल करा’, म्हणजे तेवढी रक्कम तीनदा खेळा, अशी अट असेल तर तिप्पट. सरासरी म्हणजे हमी नव्हे; एका रात्रीत दोन लाखांतले लाखभर जाणंही अशक्य नाही.

दुसरी जात एकदाच चालणाऱ्या चिप्सची. गोव्याच्या मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजांवर प्रवेशाच्या तिकिटासोबत मिळणाऱ्या, ‘ओटीपी’ (वन टाइम प्ले) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिप्स याच जातीच्या. जिंका की हरा, चिप जातेच; जिंकलात तर फक्त जिंकलेली रक्कम मिळते. लाल-काळ्यावर अशा 1,000 च्या चिपची खरी किंमत एका शून्याच्या चाकावर सुमारे 486 रुपये. एकाच आकड्यावर लावायची परवानगी असेल तर 946. हे अनेकांना उलटं वाटतं, पण गणित सोपं आहे: मूळ चिप परत मिळत नसल्यामुळे मोठा मोबदला देणाऱ्या जागेवर तिचं नुकसान कमी होतं. अर्थात सदतीस फेऱ्यांत एकदाच आकडा लागणार, म्हणून तिकिटासोबत आलेल्या दोन-तीन चिप्सपुरतंच हे ठीक. दोन लाखांचं डिपॉझिट या जातीच्या चिप्समध्ये घेतलंत, तर लाल-काळ्यावर सरासरीने 97 हजारांच्या आसपास हाती येतील. मग विमान, हॉटेल आणि वर एखादा स्कूटरचा हप्ता तुम्हीच भरला म्हणायचं.

डिपॉझिट द्यायचंच असेल तर थेट कॅसिनोच्या खात्यात, स्वतःच्या नावाच्या पावतीवर. एजंटच्या यूपीआयवर नाही. उधारीवर खेळवणाऱ्यांपासून तर लांबच राहा. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 30 नुसार पैजेचे पैसे न्यायालयातून वसूल होत नाहीत. म्हणून वसुली घराच्या दारात येते. लास वेगासला उलटं: तिथली उधारीची चिठ्ठी चेकसारखी मानली जाते आणि ती न फेडणं फौजदारी प्रकरण होतं. शिवाय मध्य प्रदेशात परवानाधारक कॅसिनो नाहीत. त्यामुळे बायपासजवळच्या फार्महाऊसवर ‘कॅसिनो नाइट’ला बोलावणारा किंवा टेलिग्रामवर ‘व्हीआयपी मॅनेजर’ म्हणवणारा माणूस होस्ट नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

राहिली मिठाई. होस्टला छप्पन दुकानची सेव द्या, आनंदाने खाईल. पण अनेक कॅसिनोंत होस्टना भेटी घ्यायला मनाई असते, त्याने दिलेल्या प्रत्येक सवलतीचं कारण नोंदवावं लागतं, आणि त्याचा बोनस त्याच्या यादीतल्या खेळाडूंच्या थिओवर ठरतो. त्याला तुमच्याकडून हवी असते ती खरी माहिती. आठ-दहा दिवस आधी फोन करा. कार्ड नंबर, तारखा, कोणता खेळ, सरासरी डाव किती, रोज किती तास, एवढं सांगा. फुगवून सांगू नका, तो आकडा पडद्यावर पडताळतो आणि पुढच्या वेळी फोन उचलत नाही. पावसाळ्यात सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा हात सैल असतो; नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यात विचारणंच व्यर्थ.

कॅसिनोच्या पहिल्याच भेटीत होस्ट शोधत फिरू नका, पडद्यावर तुमचं अजून काहीच नसतं. कार्ड काढा, आधीच ठरवलेल्या पैशांत खेळा आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर विचारा, “माझं रेटिंग बघून काही करता येईल का?” खोली सवलतीच्या वेबसाइटवरून आगाऊ पैसे भरून घेऊ नका, ते बिल होस्टला सहसा माफ करता येत नाही, कारण पैसे हॉटेलकडे नव्हे, मधल्या कंपनीकडे गेलेले असतात. कॅसिनोच्याच हॉटेलात उतरला असाल तर जेवण खोलीच्या खात्यावर लिहायला सांगा आणि चेकआऊटच्या तासभर आधी होस्टला बिल दाखवा. बिल चुकतं करून विमानतळावरून फोन केला, तर तो फार तर “पुढच्या वेळी बघू” म्हणेल.