नळाच्या पाण्यात फ्लोराईड घालतो कोण?

‘सरकार नळाच्या पाण्यात फ्लोराईड मिसळून लोकांची बुद्धी मंद करत आहे, हिटलरने छळछावण्यांत हेच केले होते, युरोपने यावर बंदी घातली आहे, म्हणून पाणी उकळूनच प्या,’ असा एक संदेश मराठी गटांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्यातली विधाने चुकीची आहेत आणि शेवटचा सल्ला तर काही गावांसाठी थेट अपायकारक आहे.

मुळात भारतात सार्वजनिक पाणीपुरवठ्यात फ्लोराईड मिसळण्याची योजनाच नाही. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरिन वापरतात, गावच्या टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरिनयुक्त ब्लीचिंग पावडर, टाकतात. सकाळी नळाला येतो तो उग्र वास त्या क्लोरिनचा असतो. दात किडू नयेत म्हणून पाण्यात फ्लोराईड घालण्याची पद्धत अमेरिकेतली. ती १९४५ मध्ये मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहरात सुरू झाली आणि आज तेथे शिफारस आहे ती लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमची.

हिटलरच्या गोष्टीला एकही कागदोपत्री पुरावा नाही. युरोपातही सरसकट बंदी नाही: आयर्लंडमध्ये आणि इंग्लंडमधील बर्मिंगहॅममध्ये १९६४ पासून फ्लोराईडयुक्त पाणी दिले जाते, तर स्वित्झर्लंड आणि जर्मनीत फ्लोराईड मिठातून मिळते.

बुद्धीचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०२४ मध्ये असा निष्कर्ष काढला, की लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड असलेल्या पाण्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध दिसतो, आणि या निष्कर्षाबद्दलची खात्री मध्यम आहे, ०.७ च्या पातळीबद्दल मात्र निर्णय देण्याइतकी माहिती नाही. तेव्हा या अहवालाचा आधार घ्यायचाच असेल, तर संशयाने बघायला हवे ते नळाकडे नव्हे, खोल बोअरकडे.

कारण आपल्याकडे फ्लोराईड कोणी घालत नाही, ते खडकातून येते. ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांत फ्लोराईडयुक्त खनिजे असतात आणि पाणी त्यांच्या सहवासात जितके जास्त काळ राहते, तितके फ्लोराईड त्यात अधिक विरघळते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावे हे भोगत आहेत. तिथल्या शाळकरी मुलाने तोंड उघडले, की दातांवर आधी खडूसारखे पांढरे ठिपके आणि मग आडवे तपकिरी पट्टे दिसतात, आणि ते घासून जात नाहीत, कारण दात हिरडीत तयार होत असतानाच ते उमटलेले असतात. वर्षानुवर्षे असेच पाणी पोटात गेले, तर सांधे आखडतात आणि पाठीचा कणा ताठरतो. देशात या विकाराची पहिली नोंद १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतात झाली. म्हणजे हा प्रश्न ग्रँड रॅपिड्सच्या प्रयोगापेक्षाही जुना आहे.

अशा गावात पाणी उकळणे म्हणजे काय, ते पाहा. जंतू मरतात, पण फ्लोराईडची वाफ होत नाही. दोन लिटर पाणी आटून एक लिटर झाले, तर १.५ चे प्रमाण ३ वर जाते. फ्लोराईड काढायचे असेल, तर आरओ गाळणी लागते किंवा नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली, तुरटी आणि चुन्याने फ्लोराईड तळाला बसवणारी नालगोंडा पद्धत वापरावी लागते.

भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते आणि दुसरा स्रोत नसेल, तर १.५ पर्यंत. आपल्या बोअरचा आकडा संदेश वाचून कळत नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा. तो काचेच्या नव्हे, स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत भरावा, कारण फ्लोराईडची काचेशी अभिक्रिया होऊ शकते.