आर्ची रोच यांचे पुस्तक ही गाण्यांची पुरवणी नव्हे

‘आदिवासींची परंपरा मौखिक असते, त्यांचे गाणे छापले की त्यातला जीव जातो, आणि आदिवासी गायकाचे पुस्तक म्हणजे गाण्याच्या प्रसिद्धीवर खपवलेली पुरवणी’, असे विधान समाजमाध्यमांवर हिरिरीने फिरवले जाते. ऑस्ट्रेलियातील गीतकार-गायक आर्ची रोच (१९५६–२०२२) यांच्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही.

मौखिकतेचा मुद्दा आधी घेऊ. गुंडिच्मारा आणि बुंडजलुंग या आदिवासी समाजांच्या वंशातील रोच यांना अगदी लहान असताना व्हिक्टोरिया राज्यातील फ्रामलिंगहॅम वस्तीतून सरकारी यंत्रणेने उचलून नेले, आणि ज्या गोऱ्या कुटुंबाकडे त्यांना सोपवले त्याला मुलाचे आईवडील आगीत गेल्याचे खोटेच सांगितले. म्हणजे जी परंपरा कानावरून कानावर यायची, तिची वाटच कापली गेली होती. गाणे त्यांना भेटले ते या दुसऱ्या घरात, स्कॉटिश गीतांच्या आणि चर्चमधील भजनांच्या रूपात. आपली सख्खी भावंडे आहेत, हे त्यांना किशोरवयात शाळेत हाती पडलेल्या एका पत्रातून कळले; बहिणीने त्यात आई वारल्याचे कळवले होते. अशा माणसाला ‘कागद तुमचा नव्हे’ असे सांगणे हा अजब न्याय आहे.

पुरवणीचा आरोप तर तारखांपुढेच गळून पडतो. आदिवासी मुलांना सरकारने घरातून उचलून नेण्याच्या या ताटातुटीवरचे त्यांचे ‘टुक द चिल्ड्रन अवे’ हे गाणे १९९० च्या ‘चारकोल लेन’ या ध्वनिमुद्रित संग्रहात आले. त्याच विषयावरचा राष्ट्रीय चौकशी अहवाल ‘ब्रिंगिंग देम होम’ १९९७ चा. त्यानंतर बावीस वर्षांनी, २०१९ मध्ये, ‘टेल मी व्हाय’ हे आत्मचरित्र निघाले. प्रसिद्धीच वटवायची असती तर इतका काळ कोण थांबेल? शिवाय या पुस्तकाच्या जोडीने त्याच नावाचा अठरा गाण्यांचा संग्रह आला आणि त्यासाठी जुनी गाणी नव्याने गायली गेली. येथे गाण्यामागून पुस्तक आले नाही, पुस्तकामुळे गाणी पुन्हा उभी राहिली.

छापील ओळीत आवाज उतरत नाही, एवढे मात्र खरे. पण आवाज तरी एकच कुठे असतो? २०१९ मध्ये ऐकू येतो तो पक्षाघात आणि फुफ्फुसाचा कर्करोग सोसलेल्या माणसाचा गळा. १९९० च्या ध्वनिमुद्रणातला तो नव्हे.

‘टुक द चिल्ड्रन अवे’ या गाण्याचे शब्द २०२० मध्ये मुलांसाठी चित्रपुस्तक म्हणून छापले गेले. त्यातील चित्रे रूबी हंटर यांची आहेत. त्या रोच यांच्या पत्नी, स्वतः गीतकार, आणि बालपणी घरातून नेल्या गेलेल्यांपैकीच एक. २०१० मध्ये त्या गेल्या. चित्रपुस्तकात सूर नाहीत, पण ज्या मुलांविषयी ते गाणे आहे त्यांच्यापैकीच एकीच्या हातची रेषा तेथे शब्दांशेजारी आहे, आणि ती कोणत्याही ध्वनिमुद्रणात सापडणार नाही.