उष्टावणाची वाटी

आत्ता बदलापूरहून आले, साडीसुद्धा बदललेली नाही, पण आधी हे लिहिते कारण लोकलमध्ये बसल्यापासून डोक्यात तेच चाललंय.

चुलत दिराच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. पंगत बसली, पान सुरेख वाढलेलं, मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरी, जिलबी, मठ्ठा. वाढणाऱ्या मुलाला मी आधीच सांगून ठेवलं होतं, भात दोन घास, पुरी नको, जिलबी अजिबात नको. तर नात्यातल्या एक काकू स्वतः ताट घेऊन आल्या आणि मी पानावर हात आडवा धरला तर त्या हातावरच दोन जिलब्या ठेवल्या. पाक मनगटावरून बांगड्यांत उतरला. आणि वर अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "खा गं, तुला काय, तू तर शॉर्टकट मारलास, आम्हालाच मेलं रोज चालावं लागतं."

सगळे हसले. मीही हसले. माझ्या त्या हसण्याचाच मला जास्त राग आलाय.

डिसेंबर 2023 मध्ये माझी वजनाची सर्जरी झाली हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहितीय, ज्यांना नव्हतं त्यांना आज कळलं. लपवायचं काही नाही. गॅस्ट्रिक बायपास. बायपास म्हटलं की लोक विचारतात हार्टचं का, नाही, जठराचं. जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी छोटी पिशवी बनवतात आणि लहान आतडं थेट तिला जोडतात, अन्न मोठ्या जठरात जातच नाही. बाकीचं जठर आतच राहतं, ते काढून टाकत नाहीत. काढतात ते दुसऱ्या प्रकारात, स्लीव्हमध्ये, तिथे जवळजवळ पाऊण जठर काढतात. मला डायबेटिस होता आणि अ‍ॅसिडिटी प्रचंड, म्हणून डॉक्टरांनी बायपास सुचवला. हे एवढं सांगतेय कारण आज एकीने माझ्या तोंडावर विचारलं, पोट कापून फेकून दिलं म्हणे तुझं?

शॉर्टकट कशाला म्हणतात ते मला सांगा. त्या शॉर्टकटचा सोळावा दिवस मी सांगते.

पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ. डाळीचं गाळलेलं पाणी, ताक, प्रोटीन पावडर, तेही घोट-घोट, दिवसभर हातात बाटली. सोळाव्या दिवशी घुसळलेलं अन्न सुरू करायचं होतं. आई सांगलीहून आली होती. तिने पिशवीतून एक कापडाची पुरचुंडी काढली, त्यात माझी उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा. नानांनी सराफ कट्ट्यावरून आणलेली, काठाला एका बाजूला पोचा आलाय, मी लहानपणी जात्यावर आपटली होती म्हणे. त्यात जेमतेम चार-पाच चमचे मावतात. मुगाच्या डाळीचं वरण मिक्सरला फिरवून, मीठ आणि किंचित हिंग, बस. वयाच्या 43 व्या वर्षी मी स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि आईने मला परत उष्टावलं.

दोन चमचे खायला वीस मिनिटं लागली. तिसरा चमचा नको वाटत होता. आई म्हणाली, "एवढं संपव की गं, एवढंसं तर आहे." मी तिसरा घेतला. छातीच्या मध्यभागी काहीतरी अडकल्यासारखं झालं, खाली जाईना आणि वरही येईना, तोंड लाळेने भरलं, फेस यायला लागला, मी बेसिनशी वाकून उभी आणि आई मागे उभी राहून पाठीवरून हात फिरवतेय आणि रडतेय. एका चमच्याने, तोही मुगाच्या वरणाचा.

ते वरण अजून माझ्या जिभेवर आहे.

आता तुम्ही म्हणाल एवढं होतं तर कशाला केलंस. वजन 118 किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 47 च्या वर. मी वीस वर्षं डाएट करतेय हो. जीएम डाएट केलं, किटो केलं, जिम लावली. 2018 ला सगळ्या महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर चाललं होतं तेव्हा मी आधी एक आणि मग दुसरं असं दोन्ही मनापासून केलं, खूप जणांना फायदा झाला तो मी बघितलाय, माझंही वजन उतरलं आणि मग उतरलं त्याच्यापेक्षा जास्त चढलं, दोष त्यांचा नाही. पण दरवेळी वजन परत आलं की लोक म्हणायचे कंट्रोल नाही हिला. मलाही तसंच वाटायचं. वजन उतरलं की शरीरच भूक वाढवतं, ओढून परत जुन्या आकड्यावर नेतं, हे मला 42 व्या वर्षी डॉक्टरांनी समजावलं. आधी का नाही सांगितलं कुणी? वीस वर्षं मी स्वतःला आळशी, हावरट समजत राहिले.

आणि निर्णय माझा नाही, माझ्या मुलाने घेतला असं म्हणा. बारा वर्षांचा होता. एकदा सकाळी म्हणाला, आई तू घोरताना मध्येच गप्प होतेस, मग मी आकडे मोजतो, काल एकवीसपर्यंत गेलो. रात्री जागून तो माझा श्वास मोजत होता. झोपेची तपासणी केली तर श्वास तासाला साठ वेळा अडतोय असं आलं. त्या दिवसानंतर मला कुणाच्याही परवानगीची गरज वाटली नाही, सासूबाईंच्या सुद्धा नाही. सगळ्यांना ती इजिप्तची इमान आठवत होती, 2017 ला याच वजनाच्या सर्जरीसाठी मुंबईत आणलेली, त्याच वर्षी गेली बिचारी, म्हणून घरात नुसता धसका. पण पाचशे किलोची, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली बाई वेगळी आणि रोज डोंबिवलीचा पूल चढणारी मी वेगळी, हे समजावता समजावता महिना गेला.

पैशाचं एका वाक्यात सांगते, इन्शुरन्सवाल्यांनी आधी कॉस्मेटिक आहे म्हणून परत पाठवलं. मग ह्यांनी नियमच काढून दिला, बीएमआय 40 च्या वर असेल, किंवा 35 च्या वर आणि जोडीला हाताबाहेर गेलेला डायबेटिस किंवा गंभीर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणं) असे आजार असतील आणि बाकी उपाय करून झालेले असतील, तर पॉलिसीला नुसतं लठ्ठपणा म्हणून नाही म्हणता येत नाही. ज्यांना करायचंय त्यांनी हे लिहून ठेवा आणि भांडा.

तर शॉर्टकट. ऑपरेशन दोन-अडीच तासांचं, पोटाला पाच छोटी भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. तेवढंच सोपं. त्यानंतर जेवणाचा एकेक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. आपल्याकडे ताटाशेजारी तांब्या-भांडं ठेवतात, माझा हात अजून तिकडे जातो. आधी प्रोटीन, मग भाजी, मग जागा उरली तर भाकरी-भात, आणि जागा उरतच नाही. पोळीचा आत गोळा होतो, मऊ भात चिकटून बसतो, भाकरी आमटीत कुस्करली तर उतरते. दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन या एवढ्याशा पिशवीतून घालायचं म्हणजे सकाळी अंडं, अकराला पनीर, दुपारी चिकन नाहीतर मुगाचं धिरडं, संध्याकाळी दही, नोकरी असल्यासारखं. चौथ्या महिन्यात केस गेले, कंगव्यात पुंजके यायचे, सांगितलेलं होतं तरी रडले, सात-आठ महिन्यांनी परत आले. गोळ्या जन्मभर, बी12, लोह, कॅल्शियम, डी. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास. मध्यंतरी मी लोहाची गोळी चार महिने टाळली, पोट साफ होत नाही म्हणून, तर हिमोग्लोबिन 8.9 वर घसरलं. ती चूक माझी.

आणि जिलबी. काकू, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही. जिलबी मला आवडत नाही असं नाहीये हो. बायपासनंतर साखर थांबत नाही कुठे, ती थेट आतड्यात ओतली जाते. तिसऱ्या महिन्यात भावाच्या वाढदिवसाला मी तीन चमचे श्रीखंड खाल्लं होतं, वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामाने ब्लाउज भिजला, पोटात कळा, जुलाब, तासभर मी त्यांच्या बेडरूममध्ये आडवी आणि बाहेर लोक केक कापतायत. डंपिंग म्हणतात त्याला. तुम्ही प्रेमाने दोन जिलब्या वाढता तेव्हा मला ती बेडरूम दिसते.

मला नेहमी सांगितलं गेलं, पानात टाकू नये, अन्नाचा अपमान होतो. मलाही ते पटतं, मी तशीच वाढलेय. मग नको म्हणणाऱ्याच्या पानात वाढायचं कशाला? आधी आग्रहाने ढीग घालायचा आणि मग "टाकलंस का" म्हणून बघायचं, यात अन्नाचा मान कुठे आला? बाईचं पान तर सगळे बघतात. जाड असते तेव्हा "हळू गं, किती ती पुरी," आणि बारीक झाले की "खा गं, काय ते चिमणीसारखं." नितीन गडकरींनी 2011 साली ही सर्जरी केली, सगळ्या जगाला माहितीय, तब्येतीची काळजी घेतली म्हणून लोक कौतुकच करतात, आणि केलंच पाहिजे. मी केली तर शॉर्टकट.

बरं, मान्य, सगळ्यांनी उठून करावी अशी ही गोष्ट नाही. आता मौंजारोसारखी वजन उतरवणारी इंजेक्शनं आलीत, 2025 पासून आपल्याकडे मिळतात, काहींचं त्यावर भागेल. आणि सर्जरीनंतरही वजन परत चढू शकतं, माझंच गेल्या दिवाळीनंतर अडीच किलो वाढलं. मान्य.

पण एक गोष्ट कुणी बोलत नाही ती मी लिहिते. भूक गेली तरी खाण्याची आठवण जात नाही. मी ऑफिसमधून दमून यायचे, सगळं आवरून रात्री साडेनऊनंतर फरसाणाचा डबा घेऊन बसायचे, ती दिवसातली माझी एकटीची अर्धा तासाची जागा होती. ती गेली. पहिले सहा महिने मी रात्री स्वयंपाकघरात नुसती उभी राहायचे, हात कुठे ठेवायचे कळायचं नाही. समुपदेशक ताई म्हणाल्या, शोक होतो त्याचाही, होऊ द्या. मला वाटायचं फरसाणासाठी कोण रडतं. मी रडले.

परत त्या वाटीकडे येते, राहवत नाही. बेसिनवरचा तो प्रकार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने भिंतीवरचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं. एक चमचा भरवायची, घड्याळ बघायची, "थांब, अजून दोन मिनिटं" म्हणायची. दुसरा चमचा. परत घड्याळ. तिसरा चमचा भरला, माझ्या तोंडापर्यंत आणला, माझ्याकडे बघितलं आणि मागे घेतला. वाटीत परत ओतला. म्हणाली, "राहू दे, चारला बघू."

ती 74 ची होती तेव्हा. सांगलीच्या आमच्या घरात रोज पंधरा माणसांचा स्वयंपाक, आलेल्या माणसाला उपाशी पाठवलं नाही कधी, "अजून एक, माझ्यासाठी" हे वाक्य तिने हजारो वेळा म्हटलं असेल. तिचं सगळं प्रेम वाढण्यात होतं, दुसरं काही तिच्या हातात कुणी दिलंच नव्हतं. त्या बाईने माझ्यासाठी भरलेला चमचा मागे घेतला. मला आयुष्यात कुणी एवढं प्रेमाने भरवलेलं नाही.

आई शिकली ना. एका दिवसात शिकली.

काकूंवरचा राग लिहिता लिहिता उतरला खरं म्हणजे. त्याही तशाच, सगळ्यांची उठबस करून शेवटच्या पंगतीला बसणाऱ्या, आज पण त्या सव्वातीनला जेवल्या, तेही सगळं गार झालेलं, मी निघताना बघितलं. गुडघे दुखत असताना रोज चालतात त्या, ते काही खोटं नाही. त्यांना मी फोन करेन उद्या. पण शॉर्टकट म्हणू नका, हे त्यांना सांगेनच, आणि माझ्या नको म्हणण्यावर पाक सांडू नका हेही सांगेन.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (एचबीए1सी) आकडा आता सहाच्या आसपास असतो, आधी 9.4 होता, इन्सुलिन बंद आहे. वजन 77. मुलगा रात्री झोपतो. इनबॉक्समध्ये ज्यांनी विचारलंय कुठे केलं, किती खर्च, त्यांना उद्या निवांत सांगते, मला माहीत आहे ते सगळं सांगेन.

त्या दोन जिलब्या मी टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकल्या होत्या, पानात टाकवेना. लोकलच्या पासाला पाक लागलाय. एक मुलाने आत्ता खाल्ली, एक ह्यांना ठेवलीय. माझं अर्धी वाटी दही आणि कॅल्शियमची गोळी बाकी आहे, ती घेते.