म्हातारीचं कोण ऐकते?

सकाळी पानठेल्यावर माझ्या हातात 'ड्रॅक्युला' पाहून एक शहाणा म्हणाला, "काय बे, भुताच्या गोष्टी वाचून रायला? गावातल्या बुढ्या काय कमी हायेत?" सगळे खिदळले. तेव्हापासून डोकं फिरलंय.

ब्रॅम स्टोकरची १८९७ची कादंबरी. सिनेमे पाहिले म्हणून आपल्याला वाटतं, माहीत आहे. काही माहीत नसतं! पहिल्याच प्रकरणात हार्कर नावाचा इंग्रज वकील काउंट ड्रॅक्युलाच्या, म्हणजे माणसांचं रक्त पिणाऱ्या सरदाराच्या किल्ल्याकडे निघतो, तर खानावळीतली म्हातारी त्याच्यापुढे गुडघे टेकते. नको जाऊ म्हणते. स्वतःच्या गळ्यातला क्रूस त्याला देते, तुझ्या आईसाठी तरी घाल म्हणते. साहेबांना काम महत्त्वाचं. निघाले.

मला आमची आजी दिसली. रात्री वावरात जागलीला निघालो की खिशात लसणाची गड्डी अन् बिब्बा कोंबायची. सोबतचे पोट्टे नाक मुरडायचे. मी कुरकुरलो की म्हणे, "राहू दे नं, तुले का त्याचं वजन होते?"

पुढे लसणाचीच फुलं अ‍ॅमस्टरडॅमचे डॉक्टर व्हॅन हेलसिंग लूसीच्या, काउंट जिचं रक्त पीत असतो त्या पोरीच्या, गळ्यात घालतात. आता तो इलाज झाला! आजी बोलली की येडी, डिग्रीवाला बोलला की विद्वान. बरं, डॉक्टरचंही सगळे ऐकत नाहीत. लूसीची आई खोली कोंदटली म्हणून फुलं काढते अन् खिडकी उघडते. मान्य. पण त्याला निदान खोलीत तरी घेतलं होतं.

अंधश्रद्धा, अंधश्रद्धा करत कमेंटमध्ये धावून येऊ नका. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा मलाही हवाच आहे. लसणानं रानडुक्कर पळत नाही, हे आजीलाही कळत होतं. रात्रभर पोरगं वावरात, अन् तिच्या हाताशी होतं काय? लसूण.

काउंटचा किल्ला जिथं दाखवलाय, त्या ट्रान्सिल्वेनियात स्टोकर स्वतः कधी गेलाच नव्हता. पुस्तकं वाचून लिहिलं, परक्या मुलखाला भुताचं गाव करून टाकलं. आमच्यावर पुण्या-मुंबईत बसून लिहितात तसंच. तरी त्या म्हातारीला त्यानं खोटं पाडलं नाही, एवढं त्याचं माफ.

अन् हार्करची बायको मीना! सगळ्यांच्या डायऱ्या टाइप करून जुळवल्या तिनं. मग काउंटला मारायला निघालेले हे पुरुष ठरवतात, बाईमाणसाला यात नको. तिला बाजूला ठेवतात अन् काउंट नेमका तिच्यावरच येतो. शेवटी तो कोणत्या नदीनं पळतोय, हे कोणी शोधलं? डॉक्टरनं नाही. मीनानंच.