फुगा, मिशा आणि तुमची ३० वर्षं

नमस्कार काका. (३० वर्षांचा अनुभव सांगितलात म्हणून काका म्हणतो, राग नसावा.) आमच्या कागदावरच्या कार्टून-आजोबांना थ्रीडीत कसं उभं केलं, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तीनदा वाचली. बाकीच्यांना शोधत बसायला नको म्हणून इथेच उतरवतो: "३० वर्षं व्यंगचित्रं काढतोय, म्हणून सांगतो. कार्टूनचं थ्रीडी करणं म्हणजे फुग्यात हवा भरणं. मान वळवली की तुमच्या आजोबांच्या मिशा बिघडत असणार, म्हणूनच बाजूचं चित्र लेखात नाही. आणि मॉडेल 'तो' की 'ते', ते आधी ठरवा."

शेवटचं मान्य. मॉडेल 'ते'. दुरुस्त केलं, आभारी आहे.

आता फुगा. काढत असाल ३० वर्षं, पण मीही काल रात्री ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) उतरवून घेऊन आज लेख पाडलेला नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी श्रावणात माझे खरे आजोबा शाडूचे गणपती करायचे. माती मळायची आणि ओली सोंड धरून बसायचं, हे माझं काम. नुसतं समोरून बघून लावलेली सोंड बाजूनं बघितली की लोंबते, हे मला आठव्या वर्षी कळलं होतं. पुढे एका स्टुडिओत ७ वर्षं दुसऱ्यांच्या पात्रांना हातपाय लावले. तिथल्या साहेबांनाही वाटायचं, बटण दाबलं की पात्र उभं राहतं. तेव्हा तुमचा सूर माझ्या ओळखीचा आहे.

फुगा फुगवताना हनुवटी कुठे संपते ते कुणाला ठरवावं लागत नाही. इथे समोरचं आणि बाजूचं अशी दोन चित्रं मागे लावून सुरुवात होते, आणि ती एकमेकांशी जुळली तर शपथ. समोरच्यात नाकाचा शेंडा ओठाला टेकलेला, बाजूच्यात बोटभर वर. कुणाचं ऐकायचं? चेहरा अर्धाच घडवायचा, उरलेला अर्धा ब्लेंडरचा मिरर मॉडिफायर आरशासारखा देतो. फुकटात मिळतं ते एवढंच. मग डोळ्यांभोवती, तोंडाभोवती जाळीची (पात्राचा पृष्ठभाग ज्या रेघांनी विणलेला असतो ती) वलयं फिरवायची. ती चुकली की आजोबा हसले रे हसले, गाल चुरगळलेल्या कागदासारखा. कडेची काळी रेघ हवी असेल तर अख्ख्या जाळीची काळी प्रत घ्यायची, ती किंचित फुगवायची (हो, फुगवायची, हसून घ्या), तिची पृष्ठं उलटी आत वळवायची. मूळ जाळीच्या बाहेर जी कड डोकावते ती तुमची रेघ.

आणि कार्टूनची रेघ खोटं बोलते, हे व्यंगचित्रकाराला मी सांगायचं? मिकी माउसचे कान घ्या. डोकं कुठेही वळो, चित्रात दोन्ही कान गोलच. असं डोकं मातीत घडवून दाखवा! थ्रीडीत ते कान वळणाबरोबर जागेवरून सरकवावे लागतात. २०१५ साली ब्लू स्काय स्टुडिओनं 'पीनट्स' या चित्रमालिकेवर चित्रपट केला, त्यात तिच्या नायकाचं, चार्ली ब्राउनचं डोकं एका ठरलेल्या कोनातून दुसऱ्या कोनात टपकन जातं. मधले कोन त्यांनी मुद्दाम टाळले, कारण मूळ चित्रांत ते नाहीतच. एवढ्या मोठ्या स्टुडिओला जे टाळावं लागलं, त्याला तुम्ही फुगा म्हणता.

मिशांचा मुद्दा किरकोळ आहे, त्यात शिरत नाही. बाजूचं चित्र जागेअभावी राहिलं. स्वतःच्या ब्लॉगवर जागा कसली अपुरी, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

तरी विश्वास नसेल तर फाइल पाठवतो, ब्लेंडरमध्ये उघडा आणि स्वतः मान वळवून बघा. फक्त डावीकडे वळवा. उजवीकडे वळतानाच्या मिशा अजून सरकवायच्या राहिल्यात.